खुलासा: इलेक्ट्रिक गाडी एकटे रोबो बनवत नाहीत

इलेक्ट्रिक गाडीत सुटे भाग कमी, म्हणून ती माणसांशिवाय रोबोच बनवतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. टेस्लाने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट कारखान्यात मॉडेल ३ साठी जवळपास तेच करून पाहिलं आणि उत्पादन रखडलं. पत्र्याचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे वेल्डिंग रोबो चोख करतात. वायरिंग, रबर, मऊ अस्तर मात्र दर वेळी वेगळं वाकतं; तिथे माणसाची बोटंच लागतात. मला सगळ्यात बोलकी वाटते ती बॅटरीवरची फायबरग्लासची चटई. ती ठेवताना रोबो सतत अडखळायचा, आणि शेवटी चाचणीत ती चटईच अनावश्यक ठरली! एप्रिल २०१८ मध्ये इलॉन मस्कने अति-स्वयंचलन ही आपली चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. जूनमध्ये आवारातल्या तंबूत नवी असेंब्ली लाइन उभी राहिली. तिथे बरीचशी जुळणी कामगार हातानेच करत होते.