उपासना वर्षातील संगीत : कॅथलिक पॅरिशचा गायकवृंद आणि ऑर्गन

कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, रविवारच्या व सणांच्या मिस्सेला, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या उपासनाविधीला, गायकवृंद, जमलेले भाविक आणि ऑर्गन मिळून जे संगीत करतात त्याची ही नोंद आहे. मैफलीसारखी त्यातली गाणी मनाजोगी निवडता येत नाहीत. ती उपासना वर्षाच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षाच्या, पंचांगाला बांधलेली असतात. कोणत्या रविवारी काय गायचे, काय गाळायचे, ऑर्गनने एकट्याने वाजायचे की गाण्याच्या मागे राहायचे, हे बरेचसे ठरलेले आहे. वर्षानुवर्षे मिस्सेला जाणारा माणूस डोळे मिटूनही कोणता काळ चालू आहे ते ओळखतो. त्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्या दिवशी काय ऐकू आले नाही, ही.

मिस्सेत गायल्या जाणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. क्यीरिए, ग्लोरिया (‘देवाला गौरव’ हे स्तुतिगान), क्रेदो, सांक्तुस आणि आन्युस देई या प्रार्थनांचे शब्द वर्षभर तेच राहतात. चाली मात्र शेकडो आहेत, आणि संगीतकार ज्याला ‘मास’ म्हणतात ती रचना म्हणजे बहुधा हेच पाच भाग. प्रवेशगीत, वाचनानंतरचे प्रतिसाद-स्तोत्र, शुभवर्तमानाआधीचा आलेलुया हा जयघोष, अर्पणगीत आणि कम्युनियनचे (पवित्र भाकरीच्या ग्रहणावेळचे) गीत हे दिवसागणिक बदलतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर रविवारची वाचने तीन वर्षांच्या आवर्तनात लावली गेली, त्यामुळे स्तोत्रेही तीन वर्षांनीच परत येतात. गायकवृंदाच्या कपाटात अ, ब आणि क अशा तीन वर्षांच्या फायली असतात त्या यासाठी.

वर्षाची सुरुवात जानेवारीत होत नाही, नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी होते. त्या दिवशी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, लागतो आणि ग्लोरिया थांबतो. ग्लोरियाची पहिली ओळ लूकच्या शुभवर्तमानात देवदूतांनी मेंढपाळांपुढे म्हटलेली आहे. ती चार आठवडे राखून ठेवली की ख्रिस्तजन्माच्या रात्री ताजी वाटते. आलेलुया मात्र या काळात चालू राहतो, आणि नवे गायक इथेच हमखास गोंधळतात. ऑर्गनबद्दलचा नियम असा की वाजवावा पण बेताने, नाताळाचा आनंद आधीच उधळू नये. प्रत्यक्षात गायकवृंदाची ही मोठी कुचंबणा असते. नाताळगीतांचा सराव कितीतरी आधी सुरू झालेला असतो, बाहेर तीच गाणी सगळीकडे वाजत असतात, आणि चर्चमध्ये मात्र २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत त्यातले एकही गायचे नसते. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांत सायंप्रार्थनेला ‘ओ’ या संबोधनाने सुरू होणाऱ्या सात प्राचीन अँटिफनी, म्हणजे स्तोत्राच्या आधी-नंतर गायच्या छोट्या ओळी, येतात. बहुतेक पॅरिशना त्या माहीत असतात ‘वेनी, वेनी, एमान्युएल’ या गीतातून, कारण ते त्यांच्यावरच बेतलेले आहे.

नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्सेबद्दल फार सांगायला नको. एरवी मागच्या बाकावर बसणारेही त्या रात्री मोकळ्या गळ्याने गातात. सर्वांत प्रसिद्ध नाताळगीत मात्र ऑर्गनवर जन्मलेले नाही. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी योसेफ मोर या धर्मगुरूच्या शब्दांना फ्रान्झ ग्रूबर या शिक्षक-ऑर्गनवादकाने चाल लावली आणि दोघांनी ते गिटारच्या साथीने गायले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट मागाहून जोडलेली आहे, पण कोणताही ऑर्गनवादक ती सोडायला तयार नसतो.

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लागतो आणि या वेळी ग्लोरियाबरोबर आलेलुयाही जातो. मध्ययुगात काही ठिकाणी त्याला रीतसर निरोप देत, अगदी शवपेटीसारखी मिरवणूक काढून पुरत. आज शुभवर्तमानाआधी दुसरा जयघोष म्हणतात, एवढेच. ऑर्गनने फक्त गाण्याला आधार द्यायचा, स्वतंत्र वादन बंद. चौथा रविवार, ‘लेतारे’, याला अपवाद आहे. महोत्सव आणि सणही अपवाद आहेत. लेतारेला वस्त्रे जांभळ्याऐवजी गुलाबी असतात आणि ऑर्गन थोडा वेळ मोकळा वाजतो.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी सायंकाळी ग्लोरिया परत येतो, तोही एकाच रात्रीपुरता. पहिल्या ओळीला वेदीजवळच्या घंटा, मनोऱ्यातली मोठी घंटा आणि ऑर्गन एकदम सुरू होतात. ग्लोरिया संपला की घंटा मुक्या होतात आणि शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्याच राहतात. जिथे घंटा वाजायची तिथे लाकडी खटखटा वाजवतात. नियमाप्रमाणे ऑर्गनची गाण्यापुरती साथ घेता येते, पण पुष्कळ पॅरिशमध्ये झाकण लावून टाकतात, आणि गायकवृंदाची खरी परीक्षा तिथे सुरू होते. साथीविना चार आवाज गायला लागले की सूर हळूहळू उतरतो. पाच-सहा कडव्यांत अर्धा स्वर कधी गेला ते आतल्या माणसाला कळतही नाही. गायकवृंद चालवणारा मग दोन गीतांच्या मध्ये नादकाटा गुडघ्यावर हळूच आपटून कानाला लावतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून सोप्रानोंना समजायचे ते समजते. मिस्सेच्या शेवटी ख्रिस्तशरीराची, म्हणजे पवित्र भाकरीची, मिरवणूक निघते तेव्हा १३ व्या शतकातील थॉमस अक्वायनसचे ‘पांगे लिंग्वा’ गातात. इथे हिशेब सांभाळावा लागतो : शेवटची दोन कडवी मिरवणूक मुक्कामाला पोहोचल्यावरच घ्यायची, तोवर आधीची चार फिरवत राहायची.

शुभ शुक्रवारी प्रवेशगीतच नसते. धर्मगुरू शांततेत येतात आणि वेदीपुढे साष्टांग पडतात. योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत परंपरेने तीन गायकांत वाटून गातात : निवेदकाचा आवाज मधला, येशूचा खालचा, आणि पिलात, पेत्र, जमाव या सगळ्यांचा वरचा. क्रूसाच्या वंदनावेळी येणाऱ्या गायनात ‘हागिओस ओ थेओस’ हे ग्रीक शब्द लॅटिनच्या मधोमध तसेच जपले गेले आहेत.

शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटतो आणि मोठी मेणबत्ती आत येते. ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ हा घोष तीनदा, दर वेळी वरच्या सुरात होतो. त्यानंतरचे ‘एक्सुल्तेत’ हे डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या सेवकाने) एकट्याने गायचे दीर्घ स्तवन आहे. मेणबत्तीचे मेण देणाऱ्या मधमाश्यांचाही त्यात गौरव आहे. मग जुन्या करारातील वाचने, सात असू शकतात, आणि प्रत्येकामागे स्तोत्र. हा सगळा वेळ ऑर्गनवादक अंधारात हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. स्टॉप (नळ्यांची एकेक ओळ चालू करणाऱ्या खुंट्या) आधीच काढून ठेवलेले असतात, कारण अंधारात चुकीची खुंटी हाताला लागणे परवडणारे नसते. शेवटच्या वाचनानंतर वेदीवरच्या मेणबत्त्या लागतात, ग्लोरिया उचलला जातो, घंटा सुटतात. थोड्या वेळाने आलेलुया तीनदा, चढत्या सुरात. वर्षभरातला ऑर्गनचा सर्वांत मोठा आवाज बहुधा याच क्षणी असतो, आणि तो मोठा वाटण्यात आधीच्या दोन दिवसांच्या शांततेचा वाटा ऑर्गनच्या नळ्यांपेक्षा जास्त आहे.

ईस्टरचा काळ ५० दिवसांचा असतो आणि पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, संपतो. १६ व्या शतकातील ट्रेंटच्या चर्च-महासभेनंतर मध्ययुगातील असंख्य ‘सीक्वेन्स’, म्हणजे शुभवर्तमानाआधी गायच्या लांब, गीतांपैकी चारच मिस्सेच्या ग्रंथात उरली. पाचवे ‘स्ताबात मातेर’ १७२७ मध्ये आले. आज ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या दोनच दिवसांची सीक्वेन्स सक्तीची आहेत. त्यानंतरचा सामान्य काळ, सगळा मिळून ३३ किंवा ३४ आठवड्यांचा, संगीताच्या दृष्टीने सपाट आहे. गायकवृंद सुट्टीवर जातो, ऑर्गनवादक आणि भाविक मिळून ओळखीची गीते गातात. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाला सूर पुन्हा गंभीर होतो. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेत मरियेच्या चार अँटिफनी ऋतूंप्रमाणे आळीपाळीने येतात. त्यातली ‘साल्वे रेजिना’ पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंत चालते, म्हणून तीच सर्वांना पाठ असते.

इथला ऑर्गन म्हणजे पाइप ऑर्गन. पायपेटीशी, म्हणजे पायांनी भाता चालवायच्या हार्मोनियमशी, त्याची गल्लत करू नये. भात्यातली हवा पेटीत साठते, पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीत शिरते. प्रत्येक स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची ओळ. ‘आठ फुटी’ स्टॉप पट्टीवरचा स्वर आहे तसा देतो, ‘सोळा फुटी’ एक सप्तक खाली, ‘चार फुटी’ एक सप्तक वर. ही नावे सर्वांत खालच्या उघड्या नळीच्या लांबीवरून पडली आहेत. पायांनी वाजवायच्या पट्ट्यांची वेगळी ओळ असते, खर्जाचा भार तिच्यावर. हवा तापली की बासरीसारख्या नळ्यांचा सूर चढतो, जिभेच्या नळ्यांचा (ज्यांत धातूची जीभ कंप पावते) फारसा हलत नाही. थंड देशांत नाताळच्या रात्री हीटर आणि गर्दी यांनी चर्च तापते तेव्हा दोन्ही जातींचे आपसांत पटेनासे होते, ते यामुळे.

ऑर्गन बऱ्याचदा मागच्या सज्जात असतो आणि वादकाची पाठ वेदीकडे, म्हणून समोर आरसा किंवा हल्ली कॅमेरा. त्याचे काम वाटते त्यापेक्षा गवयाच्या साथीदाराचे जास्त आहे. शेकडो लोकांनी एकत्र गाताना श्वास कुठे घ्यायचा हे तोच सांगतो : कडव्याच्या शेवटी बोटे क्षणभर उचलतो आणि सगळे चर्च श्वास घेते. अर्पणाची मिरवणूक लांबली तर त्याच गीताच्या चालीवर तो वेळ भरून काढतो, आणि धर्मगुरू तयार होताच दोन सुरांत थांबतो.

ऑर्गन चर्चचाच, हा समज मुळात खरा नाही. त्याचा पहिला अवतार, पाण्याच्या दाबावर चालणारा, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने केला आणि रोमन काळात तो रिंगणातल्या खेळांत वाजे. ७५७ मध्ये बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिनला एक ऑर्गन भेट दिला; पश्चिम युरोपात त्याचा प्रवास तिथून सुरू होतो. पुढे चर्चमध्ये आल्यावर त्याला गायकवृंदाशी पाळी वाटून घेण्याची जागा मिळाली : एक ओळ गायकांची, दुसरी ऑर्गनची. या पद्धतीसाठी फ्रान्स्वा कूपराँने १६९० मध्ये, वयाच्या एकविशी-बाविशीत, दोन ऑर्गन मास प्रसिद्ध केले. त्यातला एक खास पॅरिशांसाठी आणि दुसरा मठांसाठी आहे.

सूर आणि शब्द यांचे भांडण मात्र कायम राहिले. १५६२ मध्ये ट्रेंटच्या महासभेने चर्चमधून असभ्य, भ्रष्ट संगीत काढून टाकण्यास सांगितले. १९ व्या शतकात मिस्सेत ऑपेराचा ढंग शिरला, तेव्हा २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, गायकांची संरक्षक संत सिसिलिया हिच्या सणाला, पोप दहावे पायस यांनी कडक फर्मान काढले : ग्रेगोरियन गायन हा आदर्श, पियानोला बंदी, संगीतासाठी धर्मगुरूला वेदीवर ताटकळत ठेवू नये, आणि गायकवृंदात स्त्रिया नकोत. शेवटची अट १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी सैल केली. आज पॅरिशचे गायकवृंद मुख्यतः स्त्रियांच्याच बळावर उभे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान आणि पाइप ऑर्गनला मोठा मान दिला, आणि त्याच वेळी लोकभाषेला व भाविकांच्या सहभागाला दार उघडले. लोकांनी दुसरा भाग उचलला, पहिला बराचसा कागदावर राहिला.

उपासना वर्षाला ऑर्गनवर उतरवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न पॅरिसमधील सेंत-क्लोतील्द चर्चच्या शार्ल तूर्नमीर यांचा. १९२७ ते १९३२ या काळात त्यांनी वर्षातल्या रविवारांसाठी आणि सणांसाठी ५१ संच लिहिले, प्रत्येक त्या दिवसाच्या ग्रेगोरियन चालींवर बेतलेला. साधारणतः एका संचात पाच रचना आहेत : प्रवेशापूर्वीची, अर्पणाची, उत्थापनाची (धर्मगुरू पवित्र भाकर व प्याला वर उचलतात त्या वेळची), कम्युनियनची आणि शेवटची मोठी. या ५१ संचांत आगमनकाळाचा फक्त तिसरा रविवार आहे आणि प्रायश्चित्तकाळाच्या रविवारांपैकी फक्त लेतारे. त्या दोन काळांतल्या बाकीच्या रविवारांसाठी त्यांनी एकही संच लिहिला नाही.