एचपीव्ही ते कॅन्सर: मधल्या पंधरा-वीस वर्षांत काय घडतं

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूची लागण आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांच्यामध्ये साधारण १५ ते २० वर्षं जातात. इतकी लांब पूर्वसूचना देणारे कॅन्सर फार थोडे. तरीही २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार जणी दगावल्या, असा अंदाज आहे. मुदत भरपूर मिळते, ती वाया जाते.

या कॅन्सरमागे एखादा संसर्ग असावा, अशी शंका जुनी होती. १९६०-७० च्या दशकांत बोट दाखवलं जात होतं हर्पिसच्या विषाणूकडे. जर्मनीतले हाराल्ड त्सूर हाउझेन मात्र पॅपिलोमा विषाणूवर, म्हणजे चामखीळ आणणाऱ्या कुळावर, अडून बसले. त्यांच्या गटाला १९८३ मध्ये गाठीच्या पेशींत एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत असलेल्या हीला पेशींतही हाच १८ नंबर निघाला. २००८ साली त्सूर हाउझेन यांना नोबेल मिळालं. एचपीव्हीचे २०० हून जास्त प्रकार माहीत आहेत. त्यातले डझनभरच कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ मुळे होतात.

विषाणू तसा अगदी साधा. सुमारे ८,००० अक्षरांचा डीएनएचा एक गोल, त्यावर प्रथिनांचं कवच. शरीरसंबंधात त्वचेला त्वचा लागून तो पसरतो, त्यामुळे निरोधने धोका कमी होतो, संपत नाही. गर्भाशयमुखावर एक पट्टा असा आहे जिथे आतल्या नळीचं नाजूक अस्तर आणि बाहेरचं जाड, थराथरांचं अस्तर एकमेकांना भिडतात. वयात येताना आणि बाळंतपणात हा पट्टा सरकतो आणि तिथल्या पेशींचं रूप बदलत राहतं. सूक्ष्म ओरखड्यातून विषाणू इथेच सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत शिरतो. वरचे थर झडत राहतात, पण ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहून खोडवा फुटतो, तसा विषाणू तळाच्या थरात टिकून राहतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूजही आणत नाही. म्हणून शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याचा सुगावा उशिरा लागतो.

उशिरा का होईना, लागतो. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप हटतो, कसल्याही औषधाशिवाय. अडचण उरलेल्या दहावीची. तिच्या काही पेशींत कधी तरी विषाणूच्या डीएनएचा गोल तुटतो आणि पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडला जातो. तुटताना बहुधा ई२ नावाचं जनुक मोडतं. ई२ चं काम असतं ई६ आणि ई७ या दोन जनुकांना आवर घालण्याचं. तो आवर गेला की ई६ चं प्रथिन पेशीतल्या पी५३ ला धरून नष्ट करवतं. हे पी५३ म्हणजे डीएनए बिघडला तर पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं प्रथिन. ई७ चं प्रथिन आरबी या दुसऱ्या नियंत्रकाला निकामी करतं आणि पेशी विभागतच सुटते. बिघाड तपासणारं कोणी नाही आणि विभागणी थांबत नाही, अशा अवस्थेत चुका साठत जातात. गंमत अशी की यात विषाणूचाही फायदा नाही. डीएनए असा तुटून जोडला गेला की त्या पेशीतून नवे विषाणू तयारच होत नाहीत.

चुका साठायला वर्षं लागतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९५० ते ७० च्या दशकांत काही स्त्रियांचे तिसऱ्या पायरीचे, म्हणजे कॅन्सरच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यातले, बदल पुरेसे उपचार न करता नुसते पाहत ठेवले गेले. हा प्रकार अक्षम्यच होता. पण त्यातून जे कळलं ते असं: ३० वर्षांत त्यातल्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला, आणि नीट उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली राहिलं. मधल्या काळात बाईला काहीही जाणवत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, वास येणारं पाणी अंगावरून जाणं, ही लक्षणं बहुतेक वेळा कॅन्सर झाल्यावरची. 'मला काही त्रास नाही, मग कशाला तपासू?' या प्रश्नाचं उत्तर हेच की त्रास नसतानाच तपासायचं असतं.

या विषयावरचं जगातलं एक महत्त्वाचं संशोधन आपल्या सांगली-मिरजेच्या शेजारीच झालं. मिरजेहून लातूरला जाणाऱ्या रेल्वेवर बार्शी लागतं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या पथकाने टाटा मेमोरियलच्या साथीने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांचे गावगटांनुसार चार भाग केले: एकात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप (मुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे जवळपास काहीच नाही. हा चौथा गट ठेवण्यावर पुढे कडक टीका झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. २००९ मध्ये निष्कर्ष आले. फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले: चौथ्या गटात ६४, या गटात ३४. पॅप आणि आम्लाच्या तपासणीने मात्र इथे मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. तामिळनाडूतल्या दिंडिगलमध्ये आम्लाच्या एका फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या वस्त्यांत हीच तपासणी दर दोन वर्षांनी केल्यावर घट ३१ टक्के होती. पद्धत तीच असून निकाल इतका वेगळा येतो, कारण इथे सगळं बघणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असतं.

आणि आपल्याकडे उपकेंद्रावर, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शिबिरात ३० ते ६५ वयोगटासाठी सरकारी कार्यक्रमातून होते ती हीच तपासणी, व्हीआयए. लागतं काय, तर स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण), कापसाचे बोळे, झगझगीत दिवा आणि ५ टक्के असेटिक आम्ल. ५ मिली ग्लेशियल असेटिक आम्ल आणि ९५ मिली डिस्टिल्ड पाणी, रोज ताजं. मूळची तीव्र बाटली तपासणीच्या टेबलावर ठेवायचीच नाही. पातळ न केलेलं आम्ल लागलं तर आत भाजतं. भिजलेला बोळा मुखावर धरायचा आणि घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. आम्लाने पेशीकेंद्रातली प्रथिनं तात्पुरती साकळतात. ज्या पेशींची केंद्रं मोठी आणि दाटीवाटीची, तिथे उजेड परत फिरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. ठळक कडा असलेला, दाट, अपारदर्शक पांढरा डाग दोन अस्तरांच्या सीमेला चिकटून असेल तर तपासणी पॉझिटिव्ह. फिकट, पुसट कडांचा, सीमेपासून लांबचा पांढुरकेपणा बहुधा साध्या सुजेचा किंवा अस्तर बदलण्याचा.

चुका होतात त्या ठरावीक. रांग मोठी म्हणून मिनिटाऐवजी पंधरा सेकंदांत बोळा काढला जातो आणि डाग उमटायच्या आतच 'नॉर्मल' लिहिलं जातं. कालचं, बूच उघडं राहिलेलं आम्ल वापरलं जातं. लाईट गेली म्हणून मोबाईलच्या उजेडात पाहिलं जातं. बोळा जोरात घासल्याने रक्त येऊन डाग झाकला जातो. आणि पाळी गेलेल्या बाईत ती सीमा नळीच्या आत सरकलेली असते. जे दिसतच नाही त्याबद्दल 'निगेटिव्ह' लिहिणं चूक आहे. पन्नाशीनंतर एचपीव्ही चाचणीच घ्यावी, हे उत्तम. पाळी चालू असताना तपासणीला जाऊ नये.

एचपीव्ही चाचणीचा मोठा फायदा असा की नमुना बाईला स्वतःच, पडद्याआड घेता येतो. किटवरच्या सूचनेप्रमाणे मऊ ब्रश योनीत सरकवायचा, फिरवायचा, नळीत घालून द्यायचा. आतून तपासणीला नको म्हणणाऱ्या कितीतरी जणी याला तयार होतात. उस्मानाबादच्या अभ्यासात पॅप किंवा आम्लाची तपासणी निगेटिव्ह आलेल्यांना पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून अधिक होतं. म्हणूनच एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पुढची चाचणी ५ ते १० वर्षांनी पुरते. तिशीच्या आत मात्र ही चाचणी सरसकट करू नये. त्या वयातली लागण बहुतेक आपोआप जाणारी असते, रिपोर्टने नुसती झोप उडते.

सांगली एकेकाळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोडायची. त्यामुळे इथे 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' म्हटलं की समोरच्याला भलतीच तीन अक्षरं ऐकू येतात आणि घरात संशय सुरू होतो. हे दोन विषाणू पूर्ण वेगळे. एचपीव्ही कोणाकडून आला, कधी आला, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. तो लग्नाआधीचा, दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो. नवऱ्याची चाचणी करायची गरज नसते आणि अँटिबायोटिकने हा विषाणू जात नाही. मात्र एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सहापट असतो आणि १५ ते २० वर्षांची मुदत ५ ते १० वर आक्रसते. म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, घेणाऱ्यांची तपासणी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी.

सगळ्यात जास्त गळती होते पॉझिटिव्ह आल्यानंतर. माण-खटाव, जत-आटपाडीकडची बाई मिरज-कराडला दुसऱ्यांदा यायची म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि सोबतीला एक माणूस. गळीत हंगामात कारखान्यावर आलेली ऊसतोड कामगार बाई तर रिपोर्ट येईपर्यंत पुढच्या फडावर किंवा गावी परतलेली असते. यावर उपाय म्हणजे त्याच भेटीत उपचार. हातात मावणाऱ्या यंत्राचं टोक १०० अंश सेल्सियसला तापवून डागावर २० ते ३० सेकंद टेकवतात. भूल लागत नाही, पाळीसारखी कळ येते. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो, महिनाभर संबंध टाळायचे, वर्षाने पुन्हा तपासणी. डाग नळीत आत गेला असेल किंवा कॅन्सरचा जराही संशय असेल तर हे यंत्र चालत नाही. तिथे मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासावाच लागतो.

लसीचं तंत्र सुटसुटीत आहे. विषाणूच्या कवचाचं एल१ हे प्रथिन यीस्टमध्ये तयार केलं की ते आपोआप गोळा होऊन रिकामं कवच बनतं. आत डीएनएच नाही, म्हणून लसीने लागण होणं अशक्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर आहे. ९ ते १४ हे वय उत्तम, कारण लस आधीच शिरलेल्या विषाणूला काढत नाही. एकच डोस पुरतो का, याचा पुरावा बऱ्याच अंशी भारतातून, बार्शी आणि पुण्यासह नऊ केंद्रांतून आला. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवलं गेल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांचंही १६-१८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून सुमारे ९५ टक्के संरक्षण झालेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठली तर फेकायची. टोचल्यावर मुलीला १५ मिनिटं बसवून ठेवायचं, कारण या वयात सुईच्या धास्तीने चक्कर येते. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही.

'माझी पिशवी काढली आहे' म्हणून अनेक जणी तपासणीच्या रांगेतून उठून जातात. त्यांनी आधी जुनं डिस्चार्ज कार्ड काढून पाहावं. त्यावर 'टीएएच' (पोटातून पूर्ण पिशवी काढणं) किंवा 'व्हीएच' (योनीमार्गे काढणं) असेल तर मुखही निघालं आहे. आधी कॅन्सरपूर्व बदल निघाले नसतील तर तपासणी लागत नाही. 'सबटोटल' किंवा 'सुप्रासर्व्हायकल' लिहिलं असेल तर मुख जागेवरच आहे आणि तपासणी इतरांसारखीच करायची. कार्ड हरवलं असेल तर स्पेक्युलम लावून अर्ध्या मिनिटात कळतं.