बाहा गाडीची ड्राइव्हट्रेन आणि ब्रेक

बाहा म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः डिझाईन करून बनवलेली, एकाच सीटची, खड्डे-दगडांतून पळणारी रेस गाडी. स्पर्धा मूळची अमेरिकेतली, 1976 ची. भारतात ती 2007 साली आली आणि सुरुवातच आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला झाली, त्यामुळे इथल्या मराठी घरांत पोरगा महिनाभर जेवायला दिसला नाही की आई समजते, गाडीचं काम निघालंय.

पेट्रोल गाडीत इंजिन सगळ्यांना सारखंच असतं, बरीच वर्षं ते 305 सीसीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, 10 हॉर्सपॉवर, टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) साधारण 19 न्यूटन-मीटर, आणि त्यात काही बदल करायचा नाही. मग डोकं लावायला उरतं ते ड्राइव्हट्रेनमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत. बहुतेक टीम सीव्हीटी लावतात, म्हणजे बेल्ट आणि दोन पुली, पुलीचा व्यास आरपीएमप्रमाणे (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांप्रमाणे) आपोआप बदलतो, आणि त्यामागे फिक्स रिडक्शनचा, म्हणजे वेग ठरावीक पटीत कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स. पूर्वी बरेच जण तीनचाकी महिंद्रा अल्फाचा गिअरबॉक्स सरळ उचलून बसवायचे, मजबूत पण जड. समजा सीव्हीटीचा रेशो 3 ते 0.9, गिअरबॉक्स 9 चा, चाकाची त्रिज्या 0.29 मीटर आणि लॉस 20 टक्के धरला, तर चाकावर 1400 न्यूटनच्या आसपास जोर मिळतो, ड्रायव्हरसकट 250 किलोची गाडी कागदावर 35 अंशांचा चढ चढते आणि 3800 आरपीएमला ताशी 50 किलोमीटर पळते. कागदावर म्हणतोय, कारण चिखल-पाणी आत गेलं की बेल्ट घसरतो आणि कव्हर पूर्ण बंद केलं तर तापतो.

ब्रेकचं काम मात्र पोरं शेवटच्या आठवड्यात उरकतात, माझ्या मते इथेच चुकतं. नियम सोपा आहे, दोन वेगळी हायड्रॉलिक सर्किट आणि जोरात पेडल दाबलं की चारही चाकं लॉक, म्हणजे फिरायची थांबलीच पाहिजेत. पण ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. त्याच 250 किलोच्या गाडीत उभं असताना पुढे 112 आणि मागे 138 किलो असेल, तर 0.7 जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या 0.7 पट जोराने) थांबताना, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 1.4 मीटर धरून, पुढे 175 आणि मागे फक्त 75 किलो राहतं. म्हणजे पुढच्या चाकांना दुपटीहून जास्त ब्रेकिंग हवं, आणि चारही कोपऱ्यांत बाइकचेच सारखे कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग), सारख्याच डिस्क लावल्या की मागची चाकं लगेच लॉक होतात, पुढची फिरतच राहतात. काही टीम मागे गिअरबॉक्सच्या आउटपुटवर एकच डिस्क लावतात, चाकाचं वजन कमी होतं, पण मग ब्रेकचा सगळा झटका ड्राइव्हशाफ्ट खातो, तो शाफ्ट त्या हिशोबाने जाड घ्यावा लागतो.

एवढं जमलं तरी लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं दबतं, आणि टेस्टला तीन चाकं लॉक झाली, चौथं फिरलं, तर पास नाही, पोरं परत पिटमध्ये ब्लीडिंगला, म्हणजे ती हवा काढायला बसतात.