‘हलका’ मासा म्हणजे नेमकं काय?

मालवणकडे घरात कुणी तापातून उठलं, की ताटात आधी मुडदुशी येते. मऊ भात आणि कोकम घातलेलं पातळ सार. बाळंतिणीलाही तीच. बांगडा त्या दिवसांत वर्ज्य, कारण बांगडा ‘जड’ आणि मुडदुशी ‘हलकी’. ही वर्गवारी करणाऱ्या बायकांनी माशातली चरबी कधी मोजली नव्हती. मोजली असती, तरी यादी फारशी बदलली नसती.

फरक आहे तो मासा आपली चरबी कुठे साठवतो यात. बांगडा, तारली, पेडवे हे थव्याने सतत पोहणारे मासे. अखंड पोहायचं तर इंधन हाताशी हवं, म्हणून त्यांची चरबी थेट मांसात मुरलेली असते. बांगड्याची कातडी काढली की कडेनं काळपट-लाल पट्टा दिसतो; चरबी जाळून दिवसभर चालणारे स्नायू ते हेच. मुडदुशी, बोंबील, घोळ यांच्यासारख्या माशांचं पोहणं वेगळं. बराचसा वेळ निवांत, आणि भक्ष्य दिसलं किंवा जिवावर बेतलं की एकदम झेप. अशा झेपेला लागतात ते पांढरे स्नायू, आणि त्यांत चरबी जेमतेम एक-दोन टक्के.

पाश्चात्त्य आहारतक्त्यांत या गटाचा नमुना म्हणून कॉड असतो. १०० ग्रॅम कच्च्या कॉडमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं, एक ग्रॅमहून कमी चरबी आणि ८२ कॅलरी. म्हणजे त्यातली जवळपास सगळी ऊर्जा प्रथिनांतूनच येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. अशा माशाच्या दीडशे ग्रॅममध्ये त्यातला निम्मा वाटा उरकतो. शिवाय भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि माशात ते भरपूर असतं. वरण-भाताचं गणित तेच, मासे-भाताचंही तेच.

पण ‘हलका’ हा शब्द काही फक्त कॅलरीपुरता नाही. चरबी कमी असली की जठर लवकर रिकामं होतं, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, पाणीच त्याला तोलून धरतं. त्यामुळे बकऱ्याच्या मांडीत स्नायू बांधून ठेवायला जितकं चिवट कोलॅजन लागतं, त्याच्या कितीतरी कमी माशाला पुरतं. त्याचे स्नायू आखूड असतात, पातळ पडद्यांनी वेगवेगळ्या थरांत विभागलेले. ते पडदे थोड्याशा उष्णतेनंच विरघळतात आणि मांस पाकळी-पाकळीनं सुटतं. मटणाला शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्याव्या लागतात, मुडदुशीला एक उकळी पुरते. आजाऱ्याच्या किंवा कवळी लावणाऱ्या आजोबांच्या दृष्टीनं ही गोष्ट मोठीच.

जीवनसत्त्व ब-१२ आणि सेलेनियम अशा माशांतून चांगलं मिळतं, समुद्रातला मासा असेल तर आयोडीनही. हॉटेलात ‘फिश फिले’ म्हणून येणारा बासा मात्र गोड्या पाण्यातला. तोही पांढरा आणि कमी चरबीचा, पण आयोडीनच्या बाबतीत समुद्राच्या माशाची सर त्याला नाही. त्यातून गोठवलेल्या फिलेत बऱ्याचदा वरून बर्फाचा थर असतो, म्हणजे आपण पाण्याचेही पैसे मोजतो.

पाण्यावरून बोंबील आठवायलाच हवा. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. कॉडच्या मानानं निम्मीच. रवा लावून तळण्याआधी बोंबील पाट्याखाली दाबून ठेवतात तो हे पाणी काढायलाच. तळल्यावर मात्र हलकेपणाचा हिशेब फिसकटतो. एका मोठ्या चमच्यातल्या तेलाच्या १२० कॅलरी होतात, म्हणजे १०० ग्रॅम कॉडपेक्षा जास्त. तळलेला बोंबील खाऊ नये असं सांगण्याचं पाप मी करणार नाही, फक्त त्याला पथ्याचं म्हणू नये.

बोंबलाची खरी गंमत वलांडीवर आहे. वर्सोवा, मढ, सातपाटी, अर्नाळ्याला बांबूंच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील उन्हात टांगलेले दिसतात. बहुतेकांना मीठही लावलेलं नसतं. बांगडा मात्र खारवल्याशिवाय टिकत नाही. याचं एक मोठं कारण पुन्हा चरबीच: माशाचं तेल हवेत लवकर खवट होतं. ज्याच्यात तेलच नाही, तो नुसत्या उन्ह-वाऱ्यावर सुकतो. नॉर्वेत लोफोतेन बेटांवर याच तत्त्वावर शेकडो वर्षं कॉड सुकवतात, तिथे ऊन नाही तर थंड कोरडा वारा. लाकडी मांडव तेवढे आपल्या वलांडीचे चुलतभाऊ शोभतात.

पाणी गेल्यावर सुक्या बोंबलात साधारण ६० टक्के प्रथिनं उरतात. यावरून ‘सुका बोंबील चिकनच्या तिप्पट पौष्टिक’ असली विधानं फिरत असतात. ती शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम लावून केलेली असतात, आणि सुका बोंबील शंभर ग्रॅम खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम धरले तर बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं होतात. तीही काही कमी नाहीत. मऊ काट्यासकट खाल्ला जातो म्हणून कॅल्शियम मिळतं ते वेगळं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद, होड्या नांगरलेल्या. त्या दिवसांसाठी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले बोंबील म्हणजे घरातला प्रथिनांचा साठाच.

आता हलक्या माशात काय नसतं ते. ओमेगा-३ मेदाम्लं त्याच्या पेशींच्या आवरणात थोडी असतात, पण साठा नाही. कॉडच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ०.२ ग्रॅम. तारली-बांगड्यात ती याच्या कितीतरी पट, आणि पावसाळ्यानंतरच्या तेलकट तारलीत तर आणखी. जीवनसत्त्व ड चंही तेच. मुडदुशी आणि मुडदूस (ड कमी पडून मुलांची हाडं मऊ होण्याचा आजार) ही दोन नावं इतकी जवळची, पण मुडदुशी खाऊन मुडदूस बरा व्हायचा नाही. त्याचं औषध सापडलं ते दुसऱ्या एका पांढऱ्या माशात, पण मांसात नव्हे. कॉड आपली चरबी यकृतात साठवतो. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी कॉडच्या यकृताचं तेल तापवून, त्यात हवा सोडून त्यातलं जीवनसत्त्व अ नष्ट केलं. तरीही त्या तेलानं मुडदूस बरा होत राहिला. मग आतला गुणकारी घटक वेगळाच असणार, आणि त्याला पुढे ड हे नाव मिळालं. आपण मासा साफ करताना यकृत आतड्यांबरोबर फेकून देतो, त्यामुळे हा साठा ताटापर्यंत येतच नाही.

नावांवरून आणखीही फसगत होते. रावसाला इंग्रजीत भारतीय सामन म्हणतात म्हणून त्यात सामनइतकं ओमेगा-३ असेल असं समजणारे बरेच आहेत. दोन्ही माशांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि मांस पांढरं म्हणजे चरबी नाही, असंही नाही. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेला पापलेट शुभ्र असला तरी मुडदुशीपेक्षा बराच स्निग्ध, चवही त्या स्निग्धतेचीच.

एका ठिकाणी मात्र आज्यांचा सल्ला मला जपून घ्यावासा वाटतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. मोरीचं मांसही पांढरं आणि कमी चरबीचं, पण मोरी म्हणजे शार्क. खालच्या माशांनी गोळा केलेला पारा शिकारी माशात साचत जातो, आणि हा पारा प्रथिनांना चिकटून राहतो, चरबीला नाही. त्यामुळे मासा हलका असण्याचा इथे काही उपयोग नाही. लहान मोरीत पारा कमी असतो, मोठ्या शार्कमध्ये जास्त. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना शार्क टाळा असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सांगतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, त्यातला एक तेलकट. आपल्याकडच्या बाजारात याचं भाषांतर अगदी सोपं आहे: एकदा मुडदुशी, एकदा बांगडा. बांगडा तुलनेनं स्वस्तही पडतो.