पाचवी तार

थंडीत कुडकुडत घरी आलेला माणूस थर्मोस्टॅटवर २० अंश हवे असताना २८ लावून मोकळा होतो. घर लवकर तापावं, हा हेतू. पण साध्या फर्नेसला (घरातली हवा तापवणाऱ्या भट्टीला) किंवा बॉयलरला (पाणी तापवून घर उबदार करणाऱ्या यंत्राला) २० आणि २८ यांतला फरक कळतच नाही. त्याला कळतं ते एवढंच, की चालू व्हायचं की बंद. २८ लावल्याने तो जोरात चालत नाही, नुसता जास्त वेळ चालत राहतो आणि तासाभराने घरातलंच कुणीतरी वैतागून खिडकी उघडतं.

थर्मोस्टॅट म्हणजे तापमानाच्या हाती दिलेला विजेचा खटका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत असत. शाळेचा शिपाई अधूनमधून वर्गात शिरायचा, गार आहे की गरम ते बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवायचा. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी असं यंत्र बनवलं की वर्गातलं तापमान बदललं की खाली शिपायाला विजेने सूचना जाई. १८८३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. गंमत म्हणजे त्या साखळीत शिपाई अजून होताच. त्याला वगळून झडप आपोआप हलवण्याची युक्ती आल्बर्ट बुट्झ यांनी दोनेक वर्षांतच शोधली.

पुढे कित्येक दशकं हा खटका दोन धातूंच्या एकत्र जोडलेल्या पट्टीवर चालला. खोली गार झाली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त आकुंचन पावतो, म्हणून पट्टी वाकते आणि तिच्यावर बसवलेली पाऱ्याची काचेची कुपी कलंडते. पारा घरंगळून दोन तारांना जोडतो आणि फर्नेस सुरू होतो. (अशी कुपी असलेला जुना थर्मोस्टॅट निघाला तर तो रोजच्या कचऱ्यात टाकू नये, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.) आज पाऱ्याच्या जागी थर्मिस्टर आहे. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो, ते मोजून छोटी चिप रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका, उघडते किंवा मिटते.

आता तारांकडे वळू. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांत थर्मोस्टॅटकडे येणाऱ्या तारा बारीक असतात, कारण त्यांत फक्त २४ व्होल्टचा एसी (दिशा बदलत राहणारा) प्रवाह असतो. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर तो पुरवतो. प्रत्येक तारेच्या टोकाला अक्षर असतं. ‘आर’मधून वीज येते, ‘डब्ल्यू’ उष्णतेसाठी, ‘वाय’ थंडाव्यासाठी, ‘जी’ पंख्यासाठी. थर्मोस्टॅट भिंतीवरून काढून आर आणि डब्ल्यू नुसत्या एकमेकींना जोडल्या तरी घर तापू लागतं आणि सोडवेपर्यंत तापत राहतं. शेकडो पानांची माहितीपुस्तिका असलेलं उपकरण मुळात करतं ते एवढंच!

घोळ होतो तो पाचव्या तारेपाशी. तिचं नाव ‘सी’, थर्मोस्टॅटला मिळालेली वीज ट्रान्सफॉर्मरकडे परत नेणारी. पाऱ्याच्या कुपीला स्वतःसाठी वीज लागत नसे, म्हणून जुन्या घरांत ही परतीची तार थर्मोस्टॅटपर्यंत आणलेलीच नसते. प्रोग्राम करता येणाऱ्या, म्हणजे कोणत्या वेळी किती अंश ते आधीच ठरवून ठेवता येणाऱ्या थर्मोस्टॅटला मात्र घड्याळ चालवायचं असतं, पडदा उजळायचा असतो, वायफाय असेल तर भूक आणखी मोठी. सी नसेल तर काही थर्मोस्टॅट बॅटरीवर भागवतात. काही त्याहून धूर्त असतात. खटका बंद असतानाही ते डब्ल्यूच्या वाटेने किंचित प्रवाह ओढत राहतात, फर्नेसचा रिले ओढला जाणार नाही इतपतच. बहुतेक वेळा हे खपून जातं. कधीकधी रिले टकटकतो, किंवा कुणी न सांगता फर्नेस चालू होतो आणि घरात भूत असल्याची शंका येते. माझं मत विचाराल तर भिंतीत गुंडाळून ठेवलेली एखादी जादा तार आहे का ते आधी बघावं. पुष्कळदा ती असते, फक्त दोन्ही टोकांना जोडलेली नसते.

थर्मोस्टॅट बदलायचं काम सुरू करण्याआधी फर्नेसची वीज बंद करायची. ‘२४ व्होल्टला काय होतंय’ म्हणून मी एकदा ती चालूच ठेवली होती. आरची तार सीला चिकटली. ना ठिणगी, ना आवाज, पण पडदा काही उजळेना. अर्धा दिवस मी थर्मोस्टॅटला दोष देत होतो. शेवटी फर्नेसच्या बोर्डावरचा, मोटारीत असतो तसला चपटा फ्यूज उडालेला सापडला. तो नसता तर ट्रान्सफॉर्मरच गेला असता.

जुन्या तारा सोडवण्याआधी फोटो काढावा आणि प्रत्येक तारेला तिच्या अक्षराची चिठ्ठी लावावी. रंगांवर भिस्त ठेवू नये. लाल तार आर आणि पांढरी डब्ल्यू हा रिवाज आहे, नियम नव्हे. मोकळ्या तारा पेन्सिलीभोवती गुंडाळल्या की भिंतीत घसरत नाहीत. आणि झाकण उघडल्यावर जाड तारा दिसल्या तर तिथेच थांबावं. विजेच्या बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या) हीटरचा थर्मोस्टॅट थेट १२० किंवा २४० व्होल्टवर असतो, युरोपातल्या बऱ्याच बॉयलरच्या थर्मोस्टॅटला २३० व्होल्ट येतात. तिथे २४ व्होल्टचं उपकरण लावणं धोक्याचं, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

प्रोग्राम करताना एक समज आडवा येतो. रात्री घर थंड होऊ दिलं तर सकाळी तापवायला वाचवलेली सगळी ऊर्जा खर्च होते, असं अनेकांना वाटतं. पण घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ० अंश असताना आत २० ऐवजी १६ असतील, तर त्या काळात गळती पाचव्या हिश्शाने कमी. सकाळी जी उष्णता परत भरायची, ती घर निवताना आपण न पुरवलेलीच असते. मधल्या तासांत जी बाहेर गेलीच नाही, ती निव्वळ बचत. रोज ८ तास तापमान साधारण ४ ते ५.५ अंशांनी उतरवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचतात, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. फार खाली मात्र जाऊ नये, पाण्याचे नळ गोठतात.

हीट पंपाची, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी. सकाळी एकदम ५ अंश चढवायचे म्हटले की तो विजेच्या सहायक हीटरला मदतीला बोलावतो आणि रात्रीची बचत तिथे संपते. त्याच्यासाठी एक-दोन अंशांची उतरणच बरी.

जागाही महत्त्वाची. उन्हाच्या तिरिपेत किंवा दाराच्या झोतात बसलेला थर्मोस्टॅट घराचं नव्हे, स्वतःचंच तापमान सांगतो. तारांसाठी पाडलेलं भोकही बुजवावं, भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट त्याच्या पाठीवर येते.

सेटिंगमध्ये आत खोलवर एक आकडा दडलेला असतो, तासाला किती वेळा चालू-बंद व्हायचं त्याचा. साध्या गॅस फर्नेसला बहुधा ५, गरम पाण्याच्या रेडिएटरला ३. बॉयलर बंद झाल्यावरही रेडिएटर बराच वेळ ऊब सोडत राहतो, म्हणून त्याला सावकाश चालवायचं. यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये हे काम केसासारख्या तारेचा एक इवलासा हीटर करायचा. फर्नेस चालू झाला की तो आतल्या पट्टीला गुपचूप ऊब द्यायचा आणि खोली तापायच्या थोडं आधीच तिला ‘पुरे’ म्हणायला लावायचा.