तेल सांडलेल्या जमिनीत पाणी का मुरत नाही?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसून, जाळून, माती खणून काढलं, तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिलंच. ते वाळूतून झिरपत भूजलापर्यंत पोचलं. पण जिथे तेलाचा नुसता फवारा उडाला होता, तिथली वरची माती अनेक वर्षांनीही पाणी धरेना.

स्वच्छ मातीत पाणी कणांना चिकटतं आणि बारीक पोकळ्या ते ओढून घेतात. ०.१ मिलिमीटर व्यासाची पोकळी पाणी साधारण २९ सेंटिमीटर वर खेचू शकते. कणांवर तेलाचा थर बसला आणि पाण्याचा संपर्ककोन (थेंबाची कड कणाच्या पृष्ठभागाशी करते तो कोन; तो ९० अंशांपुढे गेला की पाणी पसरत नाही) १०० अंशांवर गेला, की हीच पोकळी पाण्याला उलट ढकलते. आत शिरायला वर सुमारे ५ सेंटिमीटर पाणी साचावं लागतं. उतारावर एवढं पाणी थांबत नाही, वाहून जातं. खोलगट जागी मात्र साचतं आणि एखाद्या वाटेने थेट खाली उतरतं. शेजारची माती कोरडीच राहते, वाफसा येत नाही, बी रुजत नाही.

तेल सांडताना जमीन कोरडी होती की ओली, याला फार महत्त्व आहे. ओल्या कणांभोवती पाण्याचं पातळ आवरण असतं, ते तेलाला कणापर्यंत सहसा पोचू देत नाही. कोरड्या कणाला तेल थेट चिकटतं. वाळूच्या कणांचा एकूण पृष्ठभाग कमी, त्यामुळे थोड्या तेलातही सगळे कण माखतात. आपल्या काळ्या मातीचा पृष्ठभाग प्रचंड, तिथे तेवढं तेल पुरत नाही. पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात ते भेगांतून सरळ खोल जातं.

माती पाणी झिडकारते का, याची तपासणी घरीही जमते. वरच्या ५ सेंटिमीटरची आणि त्याखालची माती वेगवेगळी घ्या. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, बशीत सपाट पसरा आणि ड्रॉपरने अगदी जवळून पाण्याचे चार-पाच थेंब सोडा. ५ सेकंदांत जिरले तर माती ठीक. मिनिटाच्या पुढे गेले तर दोष तीव्र, १० मिनिटांच्या पुढे अतितीव्र. ओल्या मातीवर ही चाचणी करू नका, ओलाव्यात हा दोष लपतो. जवळच्या स्वच्छ जागेची मातीही सोबत तपासा. तेलाचा वास गेला म्हणजे माती सुधारली, असं धरून चालू नका. द्रवरूप तेल संपल्यावरही कणांवरचा पातळ थर टिकतो.

अशा जमिनीवर साबणाचं पाणी ओतण्याचा मोह आवरा. पाणी मुरेल खरं, पण सुटलेलं तेलही त्याच्याबरोबर खाली, विहिरीच्या दिशेने जाईल. थर उथळ असेल तर चिकणमाती आणि कुजलेलं शेणखत मिसळून जमीन हलकी उलथत राहणं बरं: चिकणमाती तेलकट कणांवर बसते, आणि तेल खाणाऱ्या जिवाणूंना हवा, ओल व नत्र मिळतं.