सूक्ष्मदेह-प्रक्षेपण

सूक्ष्मदेह-प्रक्षेपण : आपली जाणीव स्थूल देहातून सुटून बाहेर वावरत आहे असा अनुभव, आणि तो हेतुपुरस्सर आणण्याचा सराव. बोलण्यात ‘ॲस्ट्रल प्रोजेक्शन’ हाच शब्द रुळला आहे. अशा अनुभवाला, तो आपसूक आलेला असो वा मुद्दाम आणलेला, मानसशास्त्र ‘देहबाह्य अनुभव’ म्हणते. पहिल्या नावात सूक्ष्मदेह नावाचे काहीतरी खरोखर बाहेर पडते हे गृहीत धरलेले आहे, दुसऱ्यात नाही. म्हणून या नोंदीत सरावाला पहिले आणि अनुभवाला दुसरे नाव वापरले आहे. गोव्यात या शब्दाचा आणखी एक घोळ होतो. गोवा ट्रान्स संगीतातल्या एका इस्रायली गटाचे नाव हेच आहे, त्यामुळे हणजूण-हरमलच्या पट्ट्यात हा शब्द कानावर पडला तर विषय साधनेचा की संगीताचा हे आधी विचारून घ्यावे लागते.

संज्ञा : ‘ॲस्ट्रल’ म्हणजे तारकासंबंधी, मूळ लॅटिन. भारतीय वाचकाच्या मनात या शब्दाची सूक्ष्म शरीराशी सांगड घातली गेली ती मुख्यतः थिऑसॉफिकल सोसायटीमुळे (स्थापना न्यूयॉर्क, १८७५; १८८२ अखेरपासून मुख्यालय अड्यार). मात्र ही सांगड सुरुवातीपासूनच सैल आहे. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्लाव्हाट्स्की यांच्या लेखनात ‘ॲस्ट्रल बॉडी’ म्हणजे लिंगशरीर, देहाचा साचा. पुढे सोसायटीच्याच ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी त्या साच्याला ‘ईथरिक’ म्हटले आणि ‘ॲस्ट्रल’ हा शब्द वासनादेहाकडे वळवला. वेदान्ताचे सूक्ष्म शरीर या दोन्हींत बसत नाही. वेदान्तसारात त्याचे सतरा घटक सांगितले आहेत : पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी. सांख्य अठरा मानतात. आणि हे शरीर देह सोडते ते मरणसमयी. वारा फुलातला गंध घेऊन जातो तसे, असा गीतेच्या पंधराव्या अध्यायातला दृष्टान्त आहे. रात्री फेरफटका मारून पहाटे परत येणारे शरीर त्या श्लोकात नाही.

तसा फेरफटका शोधायचा तर बृहदारण्यक उपनिषदाकडे जावे लागते (४.३.१२–१४). प्राणाकरवी खालचे घरटे, म्हणजे देह, राखत तो अमृत पुरुष घरट्याबाहेर हिंडतो, असे तिथे झोपेचे वर्णन आहे. लगेच पुढे एक इशारा येतो : त्याला एकदम जागे करू नये असे म्हणतात, कारण ज्या ठिकाणी तो परतला नाही त्या ठिकाणचे दुखणे बरे करणे कठीण. या विषयातली ही बहुधा सर्वांत जुनी सुरक्षा-सूचना असावी. त्याच कंडिकेत ‘दुसरे म्हणतात’ असे सांगून वेगळे मतही नोंदवले आहे : स्वप्न म्हणजे जागृतीचाच प्रदेश, जागेपणी पाहिलेलेच माणूस झोपेत पाहतो. आजचा वाद याहून फारसा पुढे गेलेला नाही.

योगसूत्रांच्या विभूतिपादातली दोन सूत्रे इथे नेहमी उद्धृत होतात : परशरीरावेशाचे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याचे (३.३८) आणि महाविदेहेचे (३.४३). काही आवृत्त्यांत हे आकडे एकाने पुढे सरकतात, कारण त्याआधीचे एक सूत्र सगळ्या पाठांत मोजलेले नाही. व्यासभाष्याने केलेला भेद महत्त्वाचा आहे. मन देहातच राहून बाहेर वृत्ती पाठवते ती कल्पिता. देहाची अपेक्षा न ठेवता बाहेर असते ती अकल्पिता, तीच महाविदेहा. आजच्या शिबिरांत शिकवली जाणारी ‘दोरी धरून वर चढतो आहे अशी कल्पना करा’ ही युक्ती भाष्यकाराच्या हिशेबात पहिल्या पायरीची ठरेल. सूत्रांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स. पाचव्या शतकापर्यंत कुठेही लावला जातो. सूत्रे व भाष्य एकाच हातची मानून इ.स. ३२५ ते ४२५ हा काळ सुचवणारे अलीकडचे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

मराठी घरांत मात्र हा विषय पोहोचला तो सूत्रांतून नव्हे, पोथीतून. गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या घरांना नवनाथ भक्तिसार (शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९) परका नाही. त्यात मच्छिंद्रनाथ राजा त्रिविक्रमाच्या मृत देहात शिरतात, आणि त्यांचा स्वतःचा देह देवळात गोरक्षाच्या राखणीत राहतो. शंकराचार्य आणि अमरुक राजाच्या कथेतही शिष्य गुहेत गुरूच्या देहावर पहारा देतात. ती कथा सांगणाऱ्या माधवीय शंकरदिग्विजयाला परंपरा चौदाव्या शतकात ठेवते. ग्रंथ बराच उत्तरकालीन असावा असा अभ्यासकांचा कल आहे. दोन्ही कथांत धोका एकच : देह मागे एकटा पडतो.

गोमंतकीय लोकाचार : येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण पर्यटकांसाठीच्या लिखाणात ती सर्रास उलटी सांगितली जाते. गोव्याच्या ग्रामदैवतांच्या परंपरेत देहाबाहेर जाणे नाही, देहात येणे आहे. देवळात अवसर येतो, भार येतो. ज्याच्या अंगात येतो त्याच्या तोंडून देव बोलतो, गावकरी कौल मागतात, गाऱ्हाणे घालतात. तेवढा वेळ त्या माणसाचे स्वतःचे काय होते, तो कुठे जातो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. डिचोली तालुक्यातील साळ येथे शिगम्यात होणारा गडे उत्सव याचे ठळक उदाहरण. ढोलाच्या गजरात गड्यांवर भार येतो आणि ते रात्री रानाच्या, मसणवटीच्या दिशेने धावत सुटतात. समोरच्या डोंगरावर पेटलेल्या दिसणाऱ्या ज्योती देवचाराच्या, असे श्रद्धावान मानतात आणि हजारो लोक काळोखात त्यांची वाट पाहत बसतात. देवचार म्हणजे इथे भूत नव्हे, गावाच्या शिवेचा राखणदार. धावतो तो हाडामांसाचा गडी, त्याचा सूक्ष्मदेह नव्हे. हे प्रक्षेपण नाही.

आबे फारिया आणि उगमाचा वाद : देहबाह्य अनुभवांच्या इतिहासात गोव्याचे नाव येते ते एका माणसामुळे. जुझे कुस्तोदियो द फारिया (मे १७५६–२० सप्टेंबर १८१९) यांचा जन्म कांदोळीचा, पितृघराणे कोलवाळचे, मूळचे सारस्वत. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि पुढे पॅरिसला स्थिरावले. १८१३ पासून त्यांनी तिथे, आज ज्याला संमोहन म्हणतात त्याचे, जाहीर प्रयोग सुरू केले. पद्धत अगदी साधी. समोरच्याला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेवर लक्ष लावायला सांगायचे आणि मग ठाम स्वरात हुकूम सोडायचा : झोपा. नाही झाले तर पुन्हा एकदा, फार तर तीनदा. या अवस्थेला ते ‘लखलखीत निद्रा’ अशा अर्थाचे नाव देत. इंद्रियांपासून मोकळ्या झालेल्या जाणिवेला या निद्रेत दूरचे आणि शरीरातले दडलेले दिसू शकते, असेही ते मानत. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टिंगल करणारे प्रहसन आले आणि गर्दी ओसरली.

त्यांचे खरे मोल दुसरीकडे आहे. चुंबकोपचाराची पद्धत काढणारा वैद्य मेस्मर याच्या मते चुंबकीय द्रव प्रयोगकर्त्याकडून रुग्णाकडे वाहत असे. फारियांनी द्रवही नाकारला आणि प्रयोगकर्त्याची शक्तीही : जे घडते ते झोपणाऱ्याच्या आतून, अपेक्षेतून व एकाग्रतेतून घडते. फ्रान्समधील नँसीच्या लिएबो–बर्नहाइम या वैद्यांच्या संमोहन-परंपरेने पुढे हीच वाट चोखाळली. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला रामचंद्र पांडुरंग कामत यांचा पुतळा (१९४५) मात्र नेमका उलटा प्रसंग दाखवतो. हात पसरून उभे फारिया, समोर मागे कलंडणारी स्त्री. पाहणाऱ्याला वाटावे की शक्ती हातांतूनच निघते आहे. शिल्प म्हणून उत्तम, सिद्धान्त म्हणून मेस्मरचे.

फारियांनी ही विद्या गोव्यातून नेली का? काही गोमंतकीय लेखकांना तसे वाटते. १८१९ च्या त्यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला ‘ब्राह्मण’ म्हटले आहे, हा या लेखकांचा मुख्य आधार. देवळातला अवसर हा दुसरा. पण मुखपृष्ठावरचा तो शब्द पॅरिसमधल्या वाचकाला भुरळ घालणारा होता, हे विसरता येत नाही. गोवा सोडताना ते पंधराच्या आतबाहेर होते. आईवडील विभक्त होऊन वडील पाद्री आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झालेली; म्हणजे मुलाचे बालपण देवळाच्या नव्हे, इगर्जीच्या (चर्चच्या) सावलीत गेले. शिवाय अवसरात कर्ता बाहेरून येणारा देव असतो, फारियांच्या मांडणीत बाहेरचा कर्ताच नाही. मेस्मरचा शिष्य प्यूसेगूर याने १७८४ मध्ये वर्णिलेल्या कृत्रिम निद्राभ्रमणाशी त्यांचे नाते जास्त जवळचे दिसते. घराण्याची सारस्वत स्मृती पूर्णपणे पुसली गेली होती असेही म्हणवत नाही; वडिलांनी मुलाला प्रवचनाआधी कोंकणीत ‘कातर रे भाजी’ (भाजी काप रे) असे कुजबुजून धीर दिल्याची आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. पण भाषा टिकली म्हणून विद्याही टिकली, असे अनुमान काढता येत नाही.

अनुभवाचे स्वरूप : साधारण दहातील एका माणसाला आयुष्यात कधीतरी असा अनुभव येतो, असे निरनिराळ्या पाहण्या सुचवतात. कथने बरीच सारखी असतात. दुपारी शीत-कडी जेवून माणूस उताणा पडलेला आहे. रस्त्यावरची दुकाने बंद, खिडकीतून उन्हाचा पट्टा लादीवर. बायको स्वयंपाकघरात भांडी लावते आहे ते ऐकू येते, पण हाक मारायला जीभ वळत नाही. कानात गुणगुण सुरू होते, अंगभर कंप, मग तरंगल्यासारखे. आणि पंख्याच्या वरून खाली पाहताना खाटेवर आपणच निजलेले. दार उघडल्याचा आवाज येतो आणि क्षणात सगळे जागच्या जागी.

दुपारची झोप इथे उगाच घेतलेली नाही. स्वप्ननिद्रेत मेंदू स्नायू शिथिल करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडील. तुटक किंवा अवेळी झोपेत ही स्वप्ननिद्रा लवकर उतरते, आणि जाग आधी व स्नायू मागून असे झाले की निद्रापक्षाघात होतो. छातीवर कोणी बसल्याचे सांगतात तो हाच. सुमारे आठ टक्के लोकांनी तो कधीतरी अनुभवलेला असतो, आणि उताणे झोपल्यावर तो अधिक होतो. पहाटे उठून तासाभराने पुन्हा झोपण्याची सरावातली प्रसिद्ध युक्ती याच यंत्रणेवर चालते.

मेंदूतली जागाही काही अंशी दाखवता आली आहे. ओलाफ ब्लांके व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जिनिव्हातील निरीक्षणात, अपस्माराच्या ४३ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या उजव्या कोनीय वलयाला (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका भागाला) विद्युत्-स्पर्श दिला गेला. दोन-तीन मिलिअँपिअरला तिला खाटेत रुतल्यासारखे, उंचावरून पडल्यासारखे वाटले. साडेतीनला ती छताशी पोहोचली आणि खाली स्वतःला पाहू लागली, तेही फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. एका रुग्णावरून सर्व अनुभवांचा निकाल लावता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. बाहेर पडून मिळवलेली माहिती पडताळण्याचे प्रयत्न मात्र निर्णायक ठरलेले नाहीत. हृदय बंद पडून वाचलेल्या रुग्णांवरील २०१४ च्या बहुरुग्णालयीन अभ्यासात छताजवळच्या फळ्यांवर चित्रे ठेवली होती. ती पाहिल्याचे कोणी सांगितले नाही, आणि बहुतेक रुग्णांचे हृदय थांबले तिथे फळ्याच नव्हत्या.

सुरक्षितता : साधकांच्या साहित्यात भीती असते ती देह व सूक्ष्मदेह यांना जोडणारी रुपेरी दोरी तुटण्याची किंवा रिकाम्या देहात दुसरे कोणी शिरण्याची. दोरीची प्रतिमा बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकातून (१२.६) आलेली आहे. अनेकांना ती दिसतच नाही, आणि ती तुटून कोणी दगावल्याचा विश्वसनीय दाखला नाही. खरे धोके अधिक घरगुती आहेत.

पहिला धोका अवस्थेच्या गोंधळाचा. ‘आपण देहात आहोत की बाहेर’ हे ताडण्यासाठी उंचावरून उडी घेऊन पाहण्याची कल्पना जीवघेणी आहे. पडताळायचेच असेल तर छापील ओळ वाचून नजर हटवावी आणि पुन्हा वाचावी. स्वप्नात ती बहुधा बदलते. गच्ची, सज्जा, समुद्रकिनारा, विहिरीचा कठडा येथे सराव करू नये. दाराला आतून कडी नसावी आणि घरातल्या एखाद्याला आपण काय करतो आहोत हे माहीत असावे. गोरक्षाची राखण घरच्या घरी होते ती अशी. राखणाऱ्यानेही गदागदा हलवू नये, नाव घेऊन हळू हाक मारावी.

दुसरा धोका पदार्थांचा. किनारपट्टीवर केटामाइन वा एलएसडी घेऊन आलेला अनुभव याच नावाने सांगितला जातो. तो सराव नव्हे, विषबाधेची जोखीम आहे. दारू सोबत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळी. जोरजोरात श्वास घेण्याच्या पद्धतींत रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून बोटे वाकडी होतात, चक्कर येते. त्याला ऊर्जा जागृत झाली म्हणणाऱ्याकडून उठून यावे. पाण्यात तर असा श्वास कधीच घेऊ नये.

निद्रापक्षाघाताने घाबरून गेल्यास झुंजू नये. श्वास संथ ठेवावा, पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवण्याकडे लक्ष लावावे, डोळ्यांची उघडझाप करावी. झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. उठल्यावर थंड पाण्याने तोंड धुवावे, काही खावे, चार पावले चालावे. रोज झोप मोडून सराव करणे हेच बऱ्याच तक्रारींचे मूळ असते. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, आणि झोप कमी पडली असेल त्या रात्री नको.

अपस्मार, पूर्वी झालेला चित्तभ्रम, द्विध्रुवी विकार किंवा आपण खरे नाही असे सतत वाटण्याचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. न मागता दिवसाढवळ्या देहाबाहेर गेल्यासारखे होणे, त्याआधी जळका वास येणे, जीभ चावली जाणे, काही मिनिटांची स्मृती तुटणे, ही लक्षणे साधनेतील प्रगतीची नाहीत, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. अनुभवानंतर भीती किंवा परकेपण दिवसेंदिवस टिकले तर १४४१६ या टेलि-मानस दूरध्वनीवर विनामूल्य बोलता येते, किंवा बांबोळीच्या मनोचिकित्सा संस्थेत जाता येते. ही संस्था पूर्वी पणजीत आल्तिनोवर होती. तेव्हा त्या रुग्णालयाला नाव होते आबे फारियांचे.